बाबासाहेबांनी सर्टिफिकेट मागितलं नव्हतं, वर्कशॉपचं दार मागितलं होतं

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी बोर्ड लागतात. 'शंभर टक्के जॉब गॅरंटी', 'सहा महिन्यांत करिअर', 'एससी-एसटी विद्यार्थ्यांना फी माफ'. फायर अँड सेफ्टी, हॉटेल मॅनेजमेंट, लॅब टेक्निशियन, एसी-फ्रीज रिपेअरिंग, टॅली, जे म्हणाल ते. एप्रिल महिन्यात हेच क्लासवाले जयंतीच्या शुभेच्छांचे बॅनर लावतात आणि त्यावर बाबासाहेबांच्या फोटोखाली एकच शब्द असतो : 'शिका'.

शिकलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. कौशल्य कमावण्याला नाक मुरडावं असंही कुणी म्हणत नाही. पण धंदेशिक्षणाच्या बाबतीत बाबासाहेबांनी सरकारकडे नेमकं काय मागितलं होतं, हे या बॅनरवाल्यांना ठाऊक नाही आणि आपल्यापैकी बऱ्याच कार्यकर्त्यांनाही नाही. त्यांनी मागितलं होतं ते कारखान्याच्या आत शिकण्याचं स्थान. आज आपल्या पोरांना विकलं जातं ते कारखान्याच्या बाहेर छापलेलं सर्टिफिकेट. या दोन गोष्टींत काय फरक आहे आणि एकीची जागा दुसरीने कशी घेतली, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

साचेखात्यात कुणाला शिरू दिलं नाही?

मुंबईच्या कापड गिरण्यांपासून सुरुवात करू. गावात रोटी-बेटी आणि पाणी बंद असलेला महार-मांग-चांभार समाज गिरणीत आला तेव्हा त्याला वाटलं, यंत्राला जात नसते. यंत्राला नव्हती, पण यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला होती. गिरणीत जास्त मजुरी विणकामाला, म्हणजे साचेखात्यात. तिथे धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, हा सवर्ण कामगारांचा प्रश्न. म्हणून साचेखात्याचं दार बंद. आपली माणसं रिंग खात्यात आणि कमी पगाराच्या इतर कामांत अडकली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. विणकाम शिकवणारी शाळा नव्हती म्हणून आपण विणकर झालो नाही, असं घडलेलं नाही. साच्यावरचा सवर्ण कामगारही कुठल्या शाळेत शिकून आला नव्हता. तो खात्यात शिरला, भावकीतल्या, गावाकडच्या माणसाच्या शेजारी उभा राहिला, बदलीवर काम करत करत शिकला. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली होती, पण साच्यावरचा हजारोंचा ताफा त्या संस्थेतून तयार झाला नाही. तो खात्यातच तयार झाला. म्हणजे कौशल्य ही दाराच्या आत मिळणारी वस्तू होती, आणि दार जातीच्या ताब्यात होतं.

१९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क आहे हे तुम्ही मान्य करत नसाल, तर आम्ही आमच्या माणसांना संपात उतरायला का सांगायचं? पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी यादीत घातली. मालकांनी हात झटकले : यात आमचा दोष नाही, तुमचे कामगारच त्यांना शिरू देत नाहीत. मालकाचं हे म्हणणं सोयीचं होतं, पण खोटं नव्हतं. दहा वर्षांनी मनमाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू एका दमात सांगितले, त्यामागे हा अनुभव आहे.

मनमाड, १९३८

ती परिषद १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला झाली. जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद. दोन शत्रूंचा उल्लेख आपण भाषणांत वारंवार करतो, पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांची जी छाननी केली तिच्याकडे फारसं कुणी वळत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि बहुतेक वेळा गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरची साधी जागाही मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि मास्तरच्या घरात अस्पृश्य चालत नाही. वर्कशॉपमध्ये तो ओझी उचलतो. मेकॅनिकच्या जागेवर तो क्वचितच दिसतो.

वर्कशॉपमध्ये रोज जाणारा, इंजिनाचे भाग रोज हाताळणारा माणूस, आणि त्याला मेकॅनिक होता येत नाही! हे अकुशलपण त्याच्या हातात नव्हतं, त्याच्यावर लादलेलं होतं. जातिव्यवस्था नुसती कामं वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच कप्प्यात कोंडते आणि वरच्या कप्प्याकडे जाणारी शिडी काढून घेते, हे बाबासाहेबांनी त्याआधी दोनच वर्षं लिहून ठेवलं होतं. रेल्वेचं वर्कशॉप त्याचा जिवंत पुरावा होता.

बाबासाहेब स्वतः खाजगी संस्थेत शिकवत होते

यावर कुणी म्हणेल, खाजगी क्लासेसच मुळात वाईट असं तुमचं म्हणणं आहे का? नाही. आणि त्याचा दाखलाही बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत व्यापारी शिक्षण देणाऱ्या खाजगी संस्था निघाल्या. १९०० मध्ये सुरू झालेलं दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्स त्यातलं जुनं आणि नावाजलेलं. सरकारी सिडनहॅम कॉलेज त्यानंतर, १९१३ मध्ये आलं. हिशेब, व्यापारी कायदा, बँकिंग शिकवून पोरांना पेढ्या, बँका, कंपन्यांच्या लायक करायचं, हे या संस्थांचं काम. अशाच एका संस्थेत, बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये, लंडनचे डी.एस्सी. आणि बॅरिस्टर असलेले डॉ. आंबेडकर जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवत होते. वकिलीत पुरेसं मिळत नव्हतं, घर चालवायचं होतं. महाडच्या सत्याग्रहाचा काळही हाच.

आता या संस्थांचा कारभार चालत कसा होता ते पाहा. व्यापारी समाजातला मुलगा तिथे शिकायला येई तेव्हा त्याच्या ओळखीत एखादी पेढी, एखादी कंपनी आधीच असायची. काका, मामा, समाजातला कुणी शेठ. क्लास त्याला तयार करी आणि ओळख त्याला आत घेई. सर्टिफिकेटला किंमत होती, कारण त्याच्या पलीकडे उघडं दार होतं.

आणि दार नसलं तर? तेही बाबासाहेबांनी भोगलं होतं. १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर त्यांनी शेअर्स आणि गुंतवणुकीबद्दल सल्ला देणारं कार्यालय काढलं. ज्ञानात कमी होती? कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेला माणूस तेव्हा मुंबईत किती जणांना भेटला असता? पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईकं येईनाशी झाली आणि कार्यालय बंद करावं लागलं. जगातल्या उत्तम विद्यापीठाची पदवीसुद्धा बाजाराचं दार आपोआप उघडत नाही. मग सहा महिन्यांचं सर्टिफिकेट काय उघडणार?

१९४२ चं निवेदन

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचं सविस्तर निवेदन दिलं. आजच्या प्रत्येक विद्यार्थी कार्यकर्त्याने ते वाचायला हवं.

त्यात शिक्षणाच्या दोन स्वतंत्र मागण्या आहेत. पहिली उच्च शिक्षणाची. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचं फार भलं होणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानातलं प्रगत शिक्षण हवं, असं त्यांनी मांडलं. देशातल्या अशा शिक्षणासाठी वर्षाला २ लाख आणि परदेशातल्या शिक्षणासाठी १ लाख रुपये त्यांनी मागितले. दुसरी मागणी तांत्रिक प्रशिक्षणाची. तिथे ते आमच्यासाठी वेगळी उद्योगशाळा काढा असं म्हणत नाहीत. सरकारचे छापखाने आहेत, रेल्वेची वर्कशॉप्स आहेत. त्यांत आमच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, असं ते म्हणतात.

दार कुठे बंद आहे हे त्यांनी १९२८ ला गिरणीत आणि १९३८ ला रेल्वेत पाहिलं होतं. म्हणून त्यांनी बोट नेमकं त्या दारावर ठेवलं. गिरणी मालकाला सक्ती करता येत नव्हती. सरकारी वर्कशॉपवर सरकारचा अधिकार होता. शिकण्याची जागा आणि कामाची जागा एकच असेल, तर 'तुला अनुभव नाही' हे कारण सांगून माणसाला परत पाठवता येत नाही. मागणीमागचा हिशेब हा होता.

या प्रयत्नांतून १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के आरक्षण मिळालं आणि १९४४ पासून वर्षाला ३ लाख रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला आपण आज 'भारत सरकार' म्हणतो, तिचं मूळ इथे आहे. जुलै १९४५ मध्ये, बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच, पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय उभं राहिलं आणि त्यातून एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची व्यवस्था आली. प्रशिक्षण, नोंदणी आणि नोकरी ही तिन्ही सरकारची जबाबदारी, ही कल्पना त्या काळातली आहे.

आयटीआय ते शिक्षणसम्राट

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि सुमारे ५० आयटीआय सुरू झाल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३-अ घातलं गेलं : प्रत्येक निर्दिष्ट ट्रेडमध्ये मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवायच्या. हे फक्त सरकारी कारखान्यांना लागू नाही, खाजगीलाही आहे. खाजगी क्षेत्रात आरक्षण हवं म्हणून आपण मोर्चे काढतो, तेव्हा शिकाऊ जागांपुरतं ते गेली पन्नास वर्षं कायद्यात आहे, हे किती जणांना माहीत असतं?

त्या काळातल्या आयटीआयने आपल्या समाजात फिटर, टर्नर, वायरमन, वेल्डर यांची एक पिढी उभी केली. एसटीचं वर्कशॉप, वीज मंडळ, ऑर्डनन्स फॅक्टरी, रेल्वे इथे ती लागली. आज आपल्यात जे डॉक्टर-इंजिनियर दिसतात त्यांतल्या अनेकांचे बाप हे फिटर आणि वायरमन आहेत. सरकारी शिकवण आणि सरकारी नोकरी यांची सांधेजोड झाली तेव्हा धंदेशिक्षणाने माणसं वर काढली.

ही सांधेजोड तुटायला सुरुवात झाली ती १९८३ च्या सुमारास. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित तंत्रशिक्षण संस्थांना परवानगी मिळाली. इंजिनियरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांचं पेव फुटलं आणि साखरसम्राटांच्या शेजारी शिक्षणसम्राट येऊन बसले. जागा वाढल्या हे खरं, आपली मुलंही त्यांत शिकली हेही खरं. पण संस्थाचालकाचं उत्पन्न प्रवेशावर ठरू लागलं. शिकलेल्या मुलाला काम मिळालं की नाही, याने त्याचं काही अडेनासं झालं.

याचं सर्वांत दुखरं उदाहरण म्हणजे डी.एड. २००० नंतरच्या दशकात विनाअनुदानित अध्यापक विद्यालयं गावोगाव निघाली. शेत विकून, दागिने मोडून आईबापांनी पोरापोरींना डी.एड. केलं, कारण मास्तरकी ही आपल्या समाजाला माहीत असलेली खात्रीची नोकरी. २०१० मध्ये भरतीसाठी सीईटी झाली. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने भरतीवर बंदी आली. २०१३ पासून टीईटी आणि डिसेंबर २०१७ मध्ये आणखी एक अभियोग्यता चाचणी. परीक्षा वाढत गेल्या, जागा निघत नव्हत्या. पात्रता असलेली मुलं वयाच्या अटीपर्यंत वाट पाहत राहिली. विद्यालयं बंद पडली, पण तोवर फी वसूल झालेली होती.

आयटीआयचंही तेच. देशात आज १४ हजारांहून अधिक आयटीआय आहेत आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक खाजगी आहेत. ही वाढ मुख्यतः एका दशकातली. २०१८ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या बेसुमार वाढीवर आणि निकष धाब्यावर बसवून दिलेल्या मान्यतांवर ताशेरे ओढले. २००८ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ स्थापन झालं, त्यात ५१ टक्के वाटा खाजगी क्षेत्राचा. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. पुढच्याच वर्षी शारदा प्रसाद समितीने विचारलं : पहिल्या टप्प्यातल्या किती तरुणांना रोजगार मिळाला याचं मूल्यमापन न करता एवढी मोठी योजना पुढे कशी नेली?

पैसा आपला, हिशेब त्यांचा

'एससी-एसटीला फी माफ' हे वाक्य पुन्हा वाचा. फी माफ होत नसते. ती समाजकल्याण खात्याकडून वसूल होत असते. १९४४ ला बाबासाहेबांनी झगडून मिळवलेल्या शिष्यवृत्तीचा पैसा आज कित्येक संस्थांचं मुख्य उत्पन्न आहे. म्हणूनच आपल्या वस्तीत येऊन प्रवेश गोळा करायला एजंट फिरतात, कागदपत्रं स्वतः काढून देतात. शिष्यवृत्तीतल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी महाराष्ट्रात विशेष तपास पथक नेमावं लागलं होतं, हा इतिहास जुना नाही. दुसरीकडे, शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही की तीच संस्था मुलाचं मूळ टीसी आणि मार्कशीट अडवून धरते. फायदा संस्थेचा, जोखीम आपल्या पोराची.

याचा अर्थ शिष्यवृत्ती बंद करा असा कुणी काढू नये. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पाच वर्षांसाठी ५९ हजार कोटींच्या योजनेला मंजुरी दिली, केंद्र-राज्य वाटा ६०:४० ठरला, तो दबावाशिवाय झालेला नाही. पण या पैशातून मुलाला काय मिळालं, हे विचारण्याचा पहिला हक्क आपला आहे.

दाराच्या आतही संपत नाही

मग वर्कशॉपच्या आत शिरलं की प्रश्न सुटला? २० मार्च २०१८ ची सकाळ आठवा. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेली शेकडो मुलं माटुंगा-दादरच्या रुळांवर बसली होती. रेल्वेने भरतीत त्यांच्यासाठी २० टक्के जागा ठेवल्या होत्या. शिकवलं तुम्ही, मग उरलेल्यांनी जायचं कुठे, हा त्यांचा सवाल होता. आंदोलनात सगळ्या जातींची मुलं होती. बाबासाहेबांनी ज्या रेल्वे वर्कशॉपचं दार मागितलं, त्याच वर्कशॉपमध्ये शिकलेल्या मुलांना रुळावर बसावं लागलं.

कायद्यातच मेख आहे. शिकाऊ उमेदवार हा 'कामगार' नाही, असं १९६१ चा कायदा सांगतो. त्याला विद्यावेतन मिळतं, कामगार कायद्याचं संरक्षण नाही, आणि नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. त्यामुळे कायम कामगाराच्या जागी शिकाऊ पोरं राबवून घेण्याची सोय मालकाला मिळाली. वर्षभराने ती गेली की दुसरी. म्हणून १९४२ ची मागणी आज जशीच्या तशी पुरत नाही. शिकाऊ जागेसोबत नोकरीतला हक्कही मागावा लागेल.

कार्यकर्त्यांनी काय करायचं?

पहिलं, वस्तीतल्या कुणाचाही प्रवेश होण्याआधी संस्थेला तीन प्रश्न लेखी विचारा : मान्यता कोणाची, गेल्या तीन वर्षांत किती मुलं पास झाली, त्यांतली किती कुठे कामाला लागली. नाव-पत्ते नकोत, कंपनी आणि आकडा पुरे. उत्तर देत नसतील तर वस्तीत तसं जाहीर सांगा.

दुसरं, शासकीय आयटीआय आधी भरा. राज्यात त्या चारशेहून अधिक आहेत. तिथली रिकामी निदेशकांची पदं आणि बंद पडलेली यंत्रं हा आपल्या आंदोलनाचा विषय झाला पाहिजे.

तिसरं, आणि सर्वांत महत्त्वाचं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आहे, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. आपल्या तालुक्याच्या एमआयडीसीत अशा किती कंपन्या आहेत, त्यांनी किती शिकाऊ घेतले, कलम ३-अ प्रमाणे त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती, ही माहिती शिकाऊ उमेदवारीचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागा. एसटीचा डेपो, महावितरण, रेल्वे वर्कशॉप यांच्याकडेही मागा. एका तालुक्यात दहा कार्यकर्त्यांनी दहा अर्ज टाकले तरी बंद दारांची यादी हातात येईल.

१९२८ ला बाबासाहेबांकडे तशी यादी होती. कोणतं खातं, कोणतं काम, कुणी अडवलं, हे त्यांना तोंडपाठ होतं, म्हणून त्यांना पुढाऱ्यांकडून ती मागणी मान्य करून घेता आली. आपल्या जिल्ह्याची यादी आज आपल्याकडे नाही. ती तयार करण्याचं काम या महिन्यात सुरू करा आणि हाती आलेले आकडे वस्तीत वाचून दाखवा.

जयभीम!